शंभरातली वीस घरं

(न्यू जर्सीतील आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे: संक्रांत आहे, वाद होईल असं बोलू नका. मी विषय सांगितला तेव्हा अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विषय आहे आपल्या गावांत होऊ घातलेली ‘अफोर्डेबल’ घरं. तिळगूळ तोंडात आहे तोवर मी बोलून घेतो.

या घरांना विरोध करणारी, ‘आपलं गाव वाचवा’ अशा मथळ्याची याचिका तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. माझ्याकडेही आली. मी सही केली. न वाचता केली. सोसायटीच्या सभेत सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही जातो, तसं.

मग उशिरा का होईना, वाचायला बसलो. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर मर्फींनी नव्या कायद्यावर सही केली. जुलै २०२५ पासून गावांना अशा घरांचा वाटा नेमून देण्याची दहा वर्षांची चौथी फेरी सुरू झाली. आपल्यासारख्या उपनगरी गावांना किती परवडणाऱ्या घरांसाठी जागा करून द्यायची त्याचे आकडे ठरले, गावांनी आराखडे दिले, आणि येत्या १५ मार्चपर्यंत त्याप्रमाणे झोनिंगचे, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल याचे, नियम बदलायचे आहेत. म्हणजे टाउनशिपच्या सभागृहांत पुढचे दोन महिने गर्दी असणार, आणि त्या गर्दीत आपली मंडळी असणार. कोणत्या बाजूला, ते मला ठाऊक आहे. मी त्याच बाजूला उभा होतो.

हे सगळं सुरू झालं ते इथून फार लांब नाही, माउंट लॉरेलला. तिथल्या स्प्रिंगव्हिल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कृष्णवर्णीय कुटुंबं होती. काही जण तर कोंबड्यांची जुनी खुराडी दुरुस्त करून त्यात राहत होते. त्यांनी ३६ अपार्टमेंट बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये महापौर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि सांगून गेले की ज्यांना आमच्या गावात राहणं परवडत नाही त्यांनी गाव सोडावं. पिढ्या कुणाच्या आणि ‘आमचं गाव’ कोण म्हणतंय! एथेल लॉरेन्स नावाच्या बाई त्या सभेत होत्या. त्या आणि त्यांच्यासोबतचे लोक कोर्टात गेले. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वाढत्या गावांना झोनिंगच्या आडून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा.

त्या निकालपत्रातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. माउंट लॉरेलने काही मोठ्या प्रकल्पांना अपार्टमेंटची परवानगी दिली होती, पण बेडरूमच्या संख्येवर मर्यादा घालून. आणि वर अशी अट, की दर अपार्टमेंटमागे शाळेत जाणाऱ्या मुलांची सरासरी ०.३ च्या वर गेली तर जादा मुलांच्या शाळेचा खर्च बिल्डरने भरायचा. शून्य पूर्णांक तीन मूल! आपण इथे आलो ते ‘मुलांच्या शाळेसाठी’ असं छातीठोकपणे सांगतो, आणि गावाचा सगळा हिशेब दुसऱ्यांची मुलं येऊ नयेत यासाठी मांडलेला.

हिशेबाला कारण आहे, ते नाकारत नाही. आपल्या राज्यातलं प्रॉपर्टी टॅक्सचं सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेलंय आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांना जातो. त्यामुळे येणारं प्रत्येक मूल गावाला खर्चाच्या रकान्यात दिसतं. ही व्यवस्थाच माणसाला कोतं बनवते असं माझं मत झालंय. पण आपण तिला ‘गावाचं कॅरॅक्टर’ असं गोंडस नाव दिलंय.

झोनिंग या शब्दाला मराठीत काय म्हणाल? ‘क्षेत्रविभाजन’ वगैरे सरकारी शब्द सोडा. मला विचाराल तर गावकूस. कमीत कमी एक एकराचा प्लॉट, अपार्टमेंटला बंदी, यात जातीचं किंवा वर्णाचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं, तरी कोण आत आणि कोण बाहेर ते अचूक ठरतं. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आपल्यातल्या काहींना शाळेच्या पुस्तकात भेटला, काहींना घरात. ज्यांना घरात भेटला त्यांना माझं भाषण ऐकायची गरज नाही. अमेरिकेत झोनिंगवर शिक्कामोर्तब करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९२६ चा, ओहायोतल्या युक्लिड गावाचा. स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला त्यात परजीवी म्हटलंय. आपल्या भाषेत बांडगूळ. या सभागृहातल्या किती जणांचा इथला पहिला मुक्काम अपार्टमेंटमध्ये होता? हात वर करू नका, मला दिसतंय. आणि १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी टोळी कपाळावरचं कुंकू बघून आपल्या लोकांच्या मागे लागली होती, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. तेव्हा बांडगूळ आपण होतो.

आता आक्षेपांकडे येतो. घराची किंमत पडेल, गुन्हे वाढतील, टॅक्स वाढेल. माउंट लॉरेलला ती घरं शेवटी २००० मध्ये उभी राहू लागली. एथेल लॉरेन्स १९९४ मध्येच गेल्या होत्या. वसाहतीला त्यांचं नाव आहे, घरं १४०. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या तशाच गावांशी ताडून पाहिलं. गुन्हे, टॅक्स, घरांच्या किमती, तिन्हींवर परिणाम आढळला नाही. शेजारच्या कितीतरी लोकांना इथे अशी वसाहत आहे हेच माहीत नव्हतं. हे एकाच ठिकाणचं उदाहरण आहे, आणि ती वसाहत नीट बांधलेली, नीट सांभाळलेली आहे, हे मान्य. मग भांडायचं तर त्यावर भांडा ना! देखभाल कोण करणार, किती वर्षं करणार, हे टाउनशिपला विचारा. हा प्रश्न मी एकाही याचिकेत वाचलेला नाही.

रहदारी आणि पाण्याचा निचरा हे आक्षेप मात्र खरे असू शकतात. पण गंमत बघा. बरेच प्रकल्प असे असतात की शंभर घरांत वीसेक परवडणारी आणि बाकीची बाजारभावाची. त्या ऐंशी घरांतही गाड्या आहेत, मुलं आहेत, संडास-बाथरूम आहेत. तरी सभेत माइकवर येणारा प्रत्येक जण वीस घरांमुळे होणाऱ्या ट्रॅफिकबद्दल बोलतो. ऐंशी घरांतले लोक बहुधा उडत जात असावेत.

शिवाय ‘नाही’ म्हणून प्रश्न मिटत नाही. माउंट लॉरेलच्याच १९८३ च्या दुसऱ्या निकालाने बिल्डरला कोर्टात जायची वाट करून दिली. गावाने आपला वाटा उचलला नाही, तर गावाच्या झोनिंगला बाजूला सारून तो दाट वस्ती बांधू शकतो. पूर्वी गावांना पैसे भरून आपला अर्धा वाटा एखाद्या गरीब शहराच्या गळ्यात मारता येत होता, ती पळवाटही २००८ मध्ये बंद झाली. तेव्हा कुठे बांधायचं हे ठरवायचा हक्क ज्यांना हवाय, त्यांनी आधी बांधायला तयार व्हावं लागतं.

आणि ही माणसं असतात तरी कोण? आपल्या पट्ट्यात, म्हणजे मिडलसेक्स, सॉमरसेट, हंटरडनमध्ये, चौघांच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची वरची मर्यादा एक लाख डॉलरच्या पुढे आहे. पुन्हा सांगतो, एक लाखाच्या पुढे. त्याखाली आणखी गरिबांसाठी वेगळे गट आहेत. घरं सोडतीने मिळतात, आपल्या म्हाडासारखी. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालेली दिसते. हो, अर्ज ऑनलाइन भरता येतो.

आता जे सांगतो ते विचारून सांगतोय. आपल्या ओळखीच्या एक बाई आहेत. आपल्या मंडळात घटस्फोट होत नाहीत असा आपला समज आहे, तो तसाच राहू द्या. त्यांचा झाला. घर विकलं गेलं. मोठा मुलगा दहावीत, धाकटी सहावीत, त्यांची शाळा बदलायची नव्हती आणि एका पगारात त्या गावात भाड्याचं घर जमेना. त्यांनी सोडतीत नाव घातलं, बरेच दिवस वाट पाहिली, दोन बेडरूमचं घर मिळालं. बाहेरून बघाल तर शेजारच्या दारात आणि त्यांच्या दारात फरक नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मी मित्रमंडळींचे टॅक्स रिटर्न भरून देतो. त्या कागद घेऊन आल्या, आणि मी पत्ता वाचला. आदल्याच गणपतीत एका घरी आरतीनंतर ‘अशी माणसं आली की शाळांची वाट लागते’ असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या तेव्हा पानं वाढत होत्या. ते वाक्य माझं होतं. त्या बाई त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “दादा, हा पत्ता मंडळाच्या यादीत नका घालू.”

आमच्या टाउनशिपची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. मी बोलणाऱ्यांत नाव देणार आहे. माणशी तीन मिनिटं मिळतात. आज दहाची चौदा झालीत असं अध्यक्ष घड्याळ दाखवून सांगताहेत, तेव्हा तिथे माझं काय होणार ते बघायला तरी या.