ठोशामागचं वजन

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. तेरावा राऊंड. बॉक्सिंगच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटाचा जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट गुणांवर पुढे आहे. आव्हानवीर रॉकी मार्सियानोला त्यानं पहिल्याच राऊंडमध्ये खाली पाडलंय. वॉलकॉट दोरांकडे सरकतो, आणि मार्सियानोचा उजवा ठोसा थेट जबड्यावर बसतो. हात जेमतेम वीतभर फिरला असेल. आता वॉलकॉटकडे पाहा. डावा हात दोरात अडकलाय, एक गुडघा टेकलाय, मान खाली लोंबतेय. रेफरी दहा मोजतो, तरी त्याला शुद्ध नाही.

मार्सियानोची उंची पाच फूट दहा इंच, वजन सुमारे ८४ किलो. आज हेवीवेट गट ९०.७ किलोंच्या वर सुरू होतो, म्हणजे हा माणूस आज त्याहून हलक्या क्रूझरवेट गटात गेला असता. तरीही ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआऊट.

मग देहाच्या आकाराला किंमतच नाही का? आहे, नक्कीच आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वजनगटांतल्या ऑलिम्पिक बॉक्सर्सचे ठोसे मोजले गेले. वजनगट चढत गेला तसा ठोशाचा जोरही वाढत गेला. कारण मात्र मुठीचा वेग नव्हता. आदळण्याच्या क्षणी मुठीमागे किती वस्तुमान उभं राहतं, त्यावर तो जोर ठरत होता. हे वस्तुमान सरासरी भरलं तीन किलोंच्याही आत. बाकीचा अवाढव्य देह त्या ठोशात उतरतच नाही!

सगळी कला त्या तीन किलोंची आहे. पाय बघा, हात नंतर. मागच्या पायाची टाच उचलली जाते, चवडा जमिनीला रेटतो, कंबर वळते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर. मूठ पोचते सगळ्यात शेवटी, आणि नेमक्या तेव्हाच मनगट, कोपर, खांदा एकदम घट्ट होतात. मनगट जरा मुडपलं, की पायातून आलेला जोर तिथंच जिरतो. १९८५ मध्ये इंग्लंडच्या फ्रँक ब्रुनोचा ठोसा टांगलेल्या लक्ष्यावर मोजला गेला. मूठ अर्धा मीटरही गेली नव्हती. वेग सेकंदाला ८.९ मीटर, जोर सुमारे ०.४ टन. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात.

ही साखळी जमली नाही, तर नुसती उंची कामाची नाही. निकोलाय व्हालुएव सात फुटांचा, १४३ किलोंचा. २००९ मध्ये न्यूरेंबर्गला त्याच्याशी लढलेला डेव्हिड हे (Haye) जवळजवळ ४५ किलोंनी हलका होता. तरी शेवटच्या राऊंडमध्ये झोकांड्या खाल्ल्या त्या व्हालुएवनं, आणि किताबही गमावला.

माझ्या मते मोठ्या देहाचा खरा फायदा मारण्यात कमी आणि सोसण्यात, दमवण्यात जास्त आहे. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा डिओंटे वाइल्डर आणि टायसन फ्युरी या हेवीवेट बॉक्सर्सच्या लढतींत मिळतो. १ डिसेंबर २०१८, लॉस एंजेलिस. वाइल्डर ९६ किलो, फ्युरी ११६. बारावा राऊंड: वाइल्डरचा उजवा बसतो, फ्युरी कोसळत असतानाच डावा हूकही बसतो. फ्युरी पाठीवर आडवा, हालचाल नाही. वीस किलोंनी हलक्या माणसानं हे केलंय! आणि तरीही दहाच्या आत फ्युरी उठतो. लढत बरोबरीत सुटते.

फेब्रुवारी २०२०, लास वेगास. दोघंही वजन वाढवून आलेत. वाइल्डर १०५ किलो, फ्युरी १२४. या वेळी फ्युरी मागे हटत नाही. जवळ भिडला की तो आपला सगळा भार वाइल्डरच्या मानेवर, खांद्यांवर टाकतो. पाय रोवायला आणि कंबर वळवायला जागाच उरत नाही. तो भयंकर उजवा ठोसा येणार कुठून? तिसऱ्या राऊंडमध्ये वाइल्डर पडतो, पाचव्यात पुन्हा पडतो. सातव्यात त्याच्याच कोपऱ्यातून टॉवेल आत येतो, म्हणजे त्याचीच माणसं हार मानतात.