आसिएंदो : इंग्रजीला वळसा घालून

(स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

स्पॅनिशमध्ये ‘आसेर’ म्हणजे करणं आणि ‘आसिएंदो’ हे त्याचं ‘करत’ या अर्थाचं रूप. ‘के एस्तास आसिएंदो?’ म्हणजे ‘काय करतोयस?’, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आज बोलायचं आहे ते या रूपाच्या सोबत्यांबद्दल. ‘आसिएंदो’ कुठल्या क्रियापदाच्या शेजारी बसलं की काय अर्थ देतं, हा आपला विषय. पण आधी एक तक्रार मांडतो. ती पोटात ठेवून मला पुढे जाता येणार नाही.

आपण स्पॅनिश शिकतो ती इंग्रजीतून. मास्तर मराठी, वर्गातली मुलं मराठी, आणि फळ्यावर काय लिहिलेलं? ‘आंदो, इएंदो म्हणजे आयएनजी’, म्हणजे हे स्पॅनिश प्रत्यय म्हणजे इंग्रजीतल्या ‘डुइंग’मधला ‘इंग’. संपला धडा! या एका ओळीने जेवढं नुकसान केलंय तेवढं अनियमित क्रियापदांच्या सगळ्या तक्त्यांनी मिळूनही केलेलं नाही.

माझ्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. अभ्यास चोख, वही नेहमी पूर्ण. ‘व्यायाम करणं चांगलं’ हे त्या दर वेळी लिहायच्या ‘आसिएंदो एखेर्सीसिओ एस बुएनो’. मी लाल रेघ मारायचो, त्या पुन्हा तेच लिहायच्या. शेवटी मी म्हटलं, “बाई, इंग्रजी बाजूला ठेवा. मराठीत ‘व्यायाम करत चांगलं’ म्हणाल का?” त्या म्हणाल्या, “छे, ‘करणं’ म्हणेन.” मग ‘करणं’ म्हणजे ‘आसेर’. वाक्य झालं ‘आसेर एखेर्सीसिओ एस बुएनो’. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?” त्या प्रश्नाने मला हे व्याख्यान द्यायला लावलंय. इंग्रजीत नामाचं काम आणि चालू क्रियेचं काम एकच रूप करतं. मराठीत ‘करणं’ वेगळं, ‘करत’ वेगळं, आणि स्पॅनिशमध्येही ती दोन वेगळीच आहेत. ‘करण्याआधी’ म्हणजे ‘आंतेस दे आसेर’. इथे ‘आसिएंदो’ला जागाच नाही.

दुसरं उदाहरण बघा. ‘मी बसलोय.’ इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी ‘एस्तोय सेंतांदो’ म्हणतो आणि फसतो. बरोबर रूप ‘एस्तोय सेंतादो’. आपण ‘बसलोय’ म्हणतो, ‘बसतोय’ नाही, तसंच ते. म्हणजे उत्तर आपल्या घरातच होतं! मराठी प्रत्येक वेळी साथ देते असं मात्र नाही. ‘उद्या करतोय’ या अर्थाने ‘एस्तोय आसिएंदो’ चालत नाही, तिथे साधा वर्तमानकाळच लागतो.

आंद्रेस बेयो या काराकासच्या पंडिताने 1847 साली, चिलीत असताना, अमेरिका खंडातल्या स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिलं. त्यात त्याने हे रूप क्रियाविशेषणासारखं चालतं असं मांडलं. आपण शाळेत ‘धातुसाधित अव्यय’ शिकलो, तेच हे. लिंग नाही, वचन नाही. आता अव्यय म्हटल्यावर कुणी ‘आसिएंदा’ असं स्त्रीलिंग करू नका. ‘आसिएंदा’ हा वेगळा शब्द आहे. लॅटिन ‘फाकिएंदा’, म्हणजे करायची कामं, त्यातून तो आला. मग मोठी जमीनदारी आणि सरकारी खजिना असे अर्थ त्याला चिकटले. पोर्तुगीजमध्ये तोच ‘फाझेंदा’ झाला, आणि पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या खजिन्याचा कारभार याच नावाने चाले. यावर मी तासभर बोलू शकतो, पण मला चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं उरलीत आणि मुख्य विषय अजून बाकी आहे!

तर भराभर सांगतो. ‘बोय आसिएंदो’ म्हणजे ‘करत चाललोय’, हळूहळू, थोडं थोडं. ‘बेंगो आसिएंदो’ म्हणजे ‘करत आलोय’, मागपासून आजवर. ‘आंदो आसिएंदो’ म्हणजे ‘करत हिंडतोय’, इकडेतिकडे. ‘सीगो आसिएंदो’ म्हणजे ‘अजून करतोच आहे’. जाणं, येणं, हिंडणं ही क्रियापदं आपणही अशीच जोडतो. एकच सोबती परका आहे, ‘येबार’, म्हणजे नेणं. ‘येबो दोस ओरास आसिएंदो एस्तो’, ‘दोन तास हेच करतोय’. हे पाठच करा.

आणि आता क्विटो, इक्वेडोरची राजधानी. इक्वेडोरच्या डोंगराळ भागात किचवा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या शेजारामुळे या रूपाला निराळा अर्थ आला. किचवात ‘श्पा’ प्रत्यय लागला की आपल्या ‘ऊन’सारखं आधी झालेलं कामही सांगता येतं. म्हणून ‘बीने कोमिएंदो’ माद्रिदला ‘खात खात आलो’, पण क्विटोत ‘जेवून आलो’! ‘दामे आसिएंदो’ तर शब्दशः आपलं ‘करून दे’, आणि तिथे ती अदबीने केलेली विनंती असते. कोलंबियाच्या दक्षिण टोकाला, पास्तोच्या बाजूलाही हे ऐकू येतं. तिकडे गेलात तर बिनधास्त बोला. परीक्षेत मात्र ‘करून दे’साठी प्रमाण स्पॅनिशमधलं ‘आसमेलो’ लिहा, नाहीतर गुण जातील.