ओट्यावरचा उघडा डबा

श्रोतेहो, नमस्कार. सुट्ट्यांचे, सणांचे दिवस जवळ आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'मेजवानीत काय खायचं नाही?' माझं उत्तर असतं, मेजवानीत खुशाल जेवा. मला धास्ती आहे ती दुसऱ्या दिवसाची, तिसऱ्या दिवसाची आणि ओट्यावर उघड्या राहिलेल्या डब्याची.

तो डबा जरा डोळ्यांसमोर आणा. आपण गेलेलो असतो पाणी प्यायला. जाता जाता मिठाईचा तुकडा सुरीनं कापतो, 'अर्धाच' म्हणत. तासाभरानं पुन्हा फेरी होते. उरलेला अर्धा एकटा पडलाय, बरं दिसत नाही, म्हणून तोही तोंडात जातो. मग कडेचा चुरा, तो तर खाण्यात धरतच नाहीत! उभ्या उभ्या खाल्लेलं कुणी मोजत नाही. शरीर मात्र चोख हिशेब ठेवतं : एका ग्रॅम साखरेचे चार किलोकॅलरी, एका ग्रॅम तेलाचे नऊ.

अमेरिकेत १९५ प्रौढ माणसांची वजनं सणासुदीच्या काळात काळजीपूर्वक नोंदवली गेली होती. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या दीड महिन्यात वजन वाढलं सरासरी अवघं ३७० ग्रॅम. आणि लोकांना स्वतःला वाटत होतं, त्याच्या चौपट वाढलंय. हायसं वाटलं ना? पण गोम पुढे आहे. वाढलेलं ते वजन नंतरच्या महिन्यांत उतरलं नाही, अंगावर तसंच राहिलं. दर वर्षी एवढीशी भर पडत गेली, तर दहा वर्षांनी कपाटातले कपडे काय म्हणतील, ते सांगायला नको.

'रात्री जेवायला जायचंय' म्हणून सकाळपासून उपाशी राहणारे तर घरोघरी भेटतात. दिवसभर पोटात कावळे ओरडू दिले, की रात्री हात आवरत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा उपास धोक्याचाच. रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. अशांनी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

पोट गच्च भरलेलं असतं, तरी गोड समोर आलं की जागा होतेच. यात तुमचा हावरटपणा नाही बरं का! एकाच चवीचा कंटाळा येतो, नवी चव आली की भूक पुन्हा डोकं वर काढते. म्हणून पंचवीस पदार्थ मांडलेले असतील तर ताट घेण्याआधी एक चक्कर मारा, आवडीचे तीन-चार हेरा आणि बाकीच्यांना नजरेनंच राम राम करा. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी शेजारच्याशी थोड्या गप्पा मारा.

पेयांकडे आपलं लक्षच नसतं. ३३० मिलिलिटर कोलाच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेवायला बसण्याआधीच दिवसाचा वाटा संपला, आणि पोट तर भरलंच नाही. तहान लागली तर पाणी प्या. गोडाची हौस ताटातल्या पदार्थांवर भागवा, निदान चावून तरी खाल.

उरलेल्या अन्नाचं एक सांगायचं राहिलं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. लहान, पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका, आणि खाताना नुसतं कोमट न करता वाफा येईपर्यंत तापवा.

आणि हो, तो मिठाईचा डबा. झाकण घट्ट लावा आणि वरच्या फळीवर ठेवून द्या. आमच्या घरी तो तिथेच असतो. स्टूल ओढल्याशिवाय माझा हात पोचत नाही, आणि आमच्या स्टुलाचा आवाज सगळ्या घराला ऐकू जातो.