गरज असलेले पालक येत का नाहीत?

मुलांना वाढवण्याबद्दल पालकांचे गट चालवणारी चार माणसं जमली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ज्यांना खरी गरज आहे, ते येतच नाहीत." मीही हे वाक्य बरीच वर्षं बोलत आले. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण हे म्हटलं की न आलेल्या माणसावर खापर फोडून आपण मोकळे होतो.

एक प्रसंग सांगते. एका गटात एक आई पहिल्या सत्राला आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. दोन तास पर्स मांडीवरच होती, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. इथे का यावंसं वाटलं, असं मी सगळ्यांना विचारलं. ती म्हणाली, "शाळेतून चिठ्ठी आली, म्हणून आले." पुढच्या आठवड्यात ती नव्हती. मी फोन केला, तेव्हा तिने एकच विचारलं: "मी मुलाला नीट वाढवत नाही, असं तुम्हाला कळवलंय का?"

ती चिठ्ठी मी नंतर मागवून घेतली. 'आपल्या पाल्याच्या वर्तनात सुधारणा व्हावी यासाठी आपण उपस्थित राहणे आवश्यक आहे.' लिहिणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हतं. पण रोज कुणाकुणाकडून मुलाच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाईने ते वाक्य कसं वाचलं असेल? तिला ते समन्स वाटलं. ती पुन्हा आली नाही, आणि आम्ही नोंदवहीत लिहिलं, 'गळती'. तो शब्द मला आजही टोचतो.

वेळ नाही, अंतर फार, मुलांना सोडायचं कुठे, या अडचणी खऱ्याच आहेत. पण आपण वाईट पालक ठरतोय, या लाजेबद्दल आपण फार कमी बोलतो. शिवाय पालक ती लाज कधीच सांगत नाहीत. 'कामामुळे जमलं नाही' एवढंच सांगतात आणि आपण तेवढंच लिहून घेतो. जिथे सरकारी यंत्रणा मूल ताब्यात घेऊ शकते, तिथे तर लाजेच्या जोडीला भीतीही असते. घरातलं खरं सांगितलं आणि ते कुठल्या कागदावर गेलं तर?

यावर जगात विचार झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात मॅट सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ट्रिपल पी' हा पालकांसाठीचा कार्यक्रम उभा केला. त्याच्या पाच पातळ्या आहेत. पहिली पातळी सगळ्यांसाठी असते, प्रसारमाध्यमांतून पोहोचणारी. मदत घेणं ही चारचौघांसारखी साधी गोष्ट वाटावी, हा त्यामागचा एक हेतू. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी 1977 साली एल्मायरा या गावात वेगळी वाट धरली. पहिलटकरणीच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्सच जायची. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी बाईच्या मनात स्वतःचेच शंभर प्रश्न असतात. त्यांची उत्तरं देणारी नर्स दारात आली, तर ती आपली परीक्षा घ्यायला आली आहे असं वाटत नाही. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते.

आता वेळेचं बोलू. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या 'इन्क्रेडिबल इयर्स' या कार्यक्रमाचा शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठीचा अभ्यासक्रम 18 ते 20 आठवड्यांचा, दर आठवड्याला दोन तास. म्हणजे जवळजवळ 40 तास, येण्याजाण्याचा वेळ वेगळा. पाळीत काम करणाऱ्या माणसाकडून आपण केवढं मागतो, ते बघा. म्हणूनच तिथे जेवण, मुलांना सांभाळायची सोय आणि वाहनाची व्यवस्था यांवर भर दिलेला आहे. आपल्याकडे पैसे कमी पडले की आधी याच गोष्टींवर काट मारली जाते. माझं स्पष्ट मत आहे: मुलं सांभाळायला माणूस नसेल, तर तो कार्यक्रम लहान मुलांच्या पालकांसाठी नाहीच.

त्याच कार्यक्रमात पालकांच्या जोड्या लावतात आणि ते आठवडाभरात एकमेकांना फोन करतात. ही युक्ती दिसायला किरकोळ आहे, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर माणसं टिकतात ती एकमेकांसाठी, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "माझाही तसंच करतो" हे वाक्य दुसऱ्या पालकाच्या तोंडून ऐकलं की खांदे कसे सैल होतात! ते मी कितीही वेळा म्हटलं तरी होत नाही.

फोनवरून चालणाऱ्या कार्यक्रमांनी अंतराचा प्रश्न बराच सोडवला. पण घरात एकच फोन असेल, तर तो कुणाच्या हातात असतो? आणि ती शेजारची खुर्ची तिथे नसते.

वडिलांबद्दल थोडं. आपण 'पालक' म्हणतो आणि मनात आई धरतो. निमंत्रण तिच्या नावाने, वेळ तिच्या सोयीची, फोन तिला. एकदा एक वडील सलग तीन आठवडे बाहेर व्हरांड्यात उभे होते, बायकोला घरी न्यायला. चौथ्या आठवड्यात मी विचारलं, आत का येत नाही? ते म्हणाले, "मला कुठे बोलावलंय?" खरंच, बोलावलं नव्हतं.

आता आम्ही चिठ्ठीवर थांबत नाही. आधी घरातल्या दोघांशी फोनवर बोलतो आणि दोन गोष्टी विचारतो: दिवसातली कुठली वेळ मुलाबरोबर छान जाते, आणि कुठली सगळ्यात जड जाते. पहिल्या प्रश्नावर पलीकडे बराच वेळ शांतता असते. आम्ही थांबतो. 'यायला काय अडचण येईल?' हेही तेव्हाच विचारतो, गैरहजेरी लागल्यावर नाही.

चिठ्ठीही जाते, पण तिच्यातलं शेवटचं वाक्य आता वेगळं आहे: 'उशीर झाला तरी या, मुलाला घेऊन आलात तरी चालेल.' हे वाक्य घालायला एक कारण घडलं. एक बाई कामावरून धावतपळत आली, दार बंद दिसलं, आतून बोलण्याचा आवाज आला आणि ती तशीच परत गेली. रखवालदाराने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून सत्र संपेपर्यंत दार उघडं असतं आणि दारालगतची दोन खुर्च्यांची जागा आम्ही मोकळी ठेवतो.