सिक्स आधी खाली, मग आमच्याकडे

नमस्कार मंडळी.

मागच्या आयपीएलला आमच्या बिल्डिंगमध्ये रोज एक गंमत व्हायची. मी मोबाईलवर मॅच लावून बसायचो, बॉलर नुकता रनअपला निघालेला असायचा आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी यायची, सिक्स! आता यात काय मजा राहिली सांगा. खालच्यांकडे डिश अँटेना, माझ्याकडे अ‍ॅप. मला वाटलं आपलं नेटच स्लो आहे, म्हणून दुप्पट एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पैसे मोजले, चित्र काचेसारखं स्वच्छ दिसायला लागलं, पण सिक्स मात्र तरीही आधी खालीच पडायचा. असं का व्हायचं ते सांगतोच, पण जरा वळसा घालून.

माझे मामा तार ऑफिसात होते. आपल्याकडे तारेची पहिली लाइन पडली 1850 मध्ये, कोलकाता ते डायमंड हार्बर, आणि ती सेवा बंद झाली जुलै 2013 मध्ये. दारात तारवाला दिसला की आधी बायका रडायला लागायच्या आणि मग तार वाचली जायची, तो काळ. तर मामा सांगायचे की तारेच्या सुरुवातीला एकूण शब्द किती तो आकडा पाठवायचे. पलीकडचा माणूस टकटक ऐकून मजकूर उतरवून घेणार, शेवटी शब्द मोजणार, पंधरा सांगितले होते आणि चौदाच भरले तर लगेच परत विचारणार. उद्या 'पैसे पाठवू नका' मधला 'नका' गळाला तर घरात रामायण! आजचं कॉम्प्युटरचं नेटवर्क हेच करतं हो, निरोपाचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतं, प्रत्येक तुकड्यासोबत एक हिशोबाचा आकडा जातो, पलीकडे तोच हिशोब परत होतो, जुळला नाही तर तो तुकडा कचऱ्यात. तुमच्या आधार नंबरचा शेवटचा आकडासुद्धा असाच आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाइप झाला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर मशीनला तिथल्या तिथे कळतं.

यूपीआयचंही तसंच. पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं ना, ते याच्यासाठी की निरोप बरोबर माणसाला जातोय का ते बघा. आपण मात्र ते नाव न वाचता पिन दाबतो. माझं एकदा भाजीवालीकडे झालं, माझ्या खात्यातून साठ रुपये कापले गेले, आणि तिच्या स्पीकरमधून काही आवाज येईना. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, मागे लाइन. परत पाठवू का? तर थांबायचं. पैसे गेले नव्हते असं नाही आणि गेले होते असंही नाही, उत्तर वाटेत अडकलं होतं. अशा वेळी तो बारा आकडी रेफरन्स नंबर कामाला येतो, त्या एका व्यवहाराची ती ओळख, मग बँका आपसात बघतात की हा पूर्ण झाला की परत फिरवायचा. दोन मिनिटांनी स्पीकर बोलला, तोपर्यंत मी नोटा देऊन मोकळा झालो होतो. बाईंनी दुसऱ्या दिवशी साठ रुपयांची मेथी दिली, आठवडाभर मेथीच.

म्हणजे पैशाच्या कामात उशीर चालतो, चूक चालत नाही. बोलण्याचं बरोब्बर उलटं आहे. माझी बहीण न्यू जर्सीला असते, आणि तिच्याशी व्हिडिओ कॉल करताना मुंबईहून आवाज काचेच्या तारेतून समुद्राखालून जातो. त्या काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो, न्यू जर्सी सरळ रेषेतच बारा हजारांच्या वर, म्हणजे काही केलं तरी साठेक मिलीसेकंद लागणारच, मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आवाज एका बाजूने पोचायला दीडशे मिलीसेकंदांपर्यंत लागले तर माणसाला विशेष जाणवत नाही असं धरतात, त्याच्या फार पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, मग 'तू बोल', 'नाही तू बोल'. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या, तेव्हा आपल्याकडचं नेट रडकुंडीला आलं होतं, बरंचसं ट्रॅफिक उलट्या दिशेने लांबून फिरवायला लागलं. पोचायचं, पण कधी!

आणि बोलताना आवाजाचा एखादा तुकडा वाटेत हरवला तर? परत मागवायचा नाही, सोडून द्यायचा. कारण तो परत येईपर्यंत बहीण पुढच्या वाक्यावर गेलेली असते, आता तो 'बरं' घेऊन करायचं काय. फाइल पाठवताना टीसीपी नावाची पद्धत वापरतात, ती प्रत्येक तुकड्याची पोच मागते, कॉलला बहुतेक वेळा यूडीपी, ती टाकते आणि विसरते. आमच्यासारखीच, रेडिओवाल्यांसारखी.

आता जे कुठल्याच प्लॅनच्या जाहिरातीत लिहीत नाहीत आणि ज्याचा त्रास माझ्या मते सगळ्यात जास्त होतो ते सांगतो. त्याला जिटर म्हणतात. जेवायला बसलात, तव्यावरून पोळी येतेय, दर दोन मिनिटांनी एक, छान चाललंय. मग आत फोन वाजतो, दहा मिनिटं काहीच नाही, ताटातली भाजी निवली, आणि मग एकदम पाच पोळ्या. हिशोब केला तर पोळ्या तेवढ्याच हो, पण जेवणाचा विचका झाला. कॉलमध्ये साधारण दर वीस मिलीसेकंदांना आवाजाचा एक तुकडा निघतो, आणि ते असे अडखळत पोचले की बहिणीचा आवाज रोबोटसारखा होतो.

यावर उपाय घराघरात आहे, पोळीचा डबा. चार पोळ्या आधी करून डब्यात ठेवा, मग तव्यावर काही होऊ दे, ताटात वेळेवर पडते. कॉलचं अ‍ॅप हा डबा छोटासा ठेवतं, नाहीतर बोलण्याला उशीर होईल. मॅचचं अ‍ॅप चांगला मोठा ठेवतं, कित्येक सेकंदांचा, म्हणजे चित्र कुठेही अडकायला नको. खाली पडलेला सिक्स त्या वेळी माझ्या डब्यात असायचा! दुप्पट एमबीपीएस घेऊन तवा मोठा झाला, डबा तेवढाच राहिला. खालच्यांचा सिग्नलसुद्धा 36 हजार किलोमीटर वर उपग्रहावर जाऊन परत यायचा, पण त्याला पाव सेकंद लागतो फक्त.

हेच आत्ता या भाषणाचंही होतंय. कोणी ट्रान्झिस्टरवर ऐकताय, कोणी मोबाईलच्या अ‍ॅपवर, आणि ज्यांच्याकडे स्वयंपाकघरात एक आणि बाहेरच्या खोलीत दुसरं असं चालू आहे त्यांना माझा हा नमस्कार दोनदा ऐकू येईल. नमस्कार.