पुस्तक मिटल्यावर होणारा अभ्यास

[दृश्य: दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान, अगदी जवळून]

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण. या पानावर केप्लरचे नियम आहेत. पहिल्यावर पिवळा हायलाइटर फिरलाय, दुसऱ्यावर गुलाबी, तिसऱ्यावर हिरवा. धडा पाचव्यांदा वाचून होतोय. आता कुठेच अडखळायला होत नाही, प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. "झाला हा धडा," असं म्हणून पान उलटलं जातं.

घराघरांत आणि अभ्यासिकांमध्ये अभ्यास म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं. ही मुलं आळशी नाहीत. पहाटे उठतात, शाळा आणि क्लास करून येतात, रात्री पुन्हा पुस्तक उघडतात. मेहनतीत कुठेही कसर नसते. तरीही पेपर हातात आला की "वाचलं होतं, पण आठवत नाही" अशी अवस्था होते. मग घरचे म्हणतात, अजून वाच. इथेच त्या मुलांवर अन्याय होतो, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कारण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. एसटी स्टँडवर एखादा चेहरा बघताक्षणी ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. पुन्हा पुन्हा वाचल्याने धड्याचा चेहरा ओळखीचा होतो. प्रश्नपत्रिका मात्र नाव विचारते.

[दृश्य: वर्गात लिहीत बसलेले विद्यार्थी]

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वाचायला छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल आणि एक समुद्री ऑटर या प्राण्याबद्दल. एक उतारा त्यांनी सात मिनिटं वाचून पुन्हा सात मिनिटं वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि नंतरची सात मिनिटं, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. बरोबर काय, चूक काय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणं सरस ठरलं. ८१ टक्के मजकूर आठवला, लिहून काढण्याच्या पद्धतीत ७५ टक्के. प्रयोग इथेच थांबला असता तर आपल्या हायलाइटरचा विजय झाला असता. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटं दिसलं. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्या उताऱ्यातलं ५६ टक्के.

पुढच्या फेरीत फरक आणखी ठळक झाला. एका गटाने चार सत्रांत फक्त वाचन केलं. तेवढ्या वेळात त्यांचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत नुसतं आठवून लिहिलं. आठवड्यानंतर चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहील अशी खात्री सगळ्यात जास्त कुणाला होती? चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

ही खात्रीच मुलांना फसवते. वाचन सोपं जातं म्हणून अभ्यास झाल्यासारखं वाटतं. आठवताना डोक्याला ताण येतो, मध्येच काहीतरी सुटतं, आणि मुलांना वाटतं की आपल्याला काहीच येत नाही. खरं तर त्या ताणातच ती गोष्ट मेंदूत पक्की होत असते.

[दृश्य: मेंदूचं रेखाचित्र, आतला हिप्पोकॅम्पस उजळलेला]

पक्की होते म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं? कानाच्या साधारण आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. दोन्ही बाजूंना एकेक. त्याचं महत्त्व जगाला कळलं ते हेन्री मोलेसन या तरुणामुळे. १९५३ साली अमेरिकेत, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या मेंदूतला हा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. बुद्धी शाबूत राहिली, जुन्या आठवणीही बऱ्याच राहिल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. आत्ताच भेटून गेलेला माणूस पुन्हा खोलीत आला की त्याच्यासाठी नवखाच. २००८ मध्ये त्याचं निधन झालं. पन्नासहून अधिक वर्षं हा माणूस संशोधकांना सहकार्य करत राहिला. आपण आठवणींबद्दल आज जे बोलतो, त्यातलं पुष्कळसं त्याच्यामुळे बोलू शकतो.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना जिथे भेटतात, तिथले जोड वापराने बळकट होतात. एरिक कँडल यांनी हे समुद्री गोगलगाईसारख्या साध्या जिवात शोधलं. त्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट त्यातच आहे. या जिवाला तेच शिक्षण एका दमात दिलं तर ते लवकर विरतं, आणि काही दिवसांत विभागून दिलं तर टिकतं. टिकाऊ आठवणीसाठी पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात, नवे जोड उभारावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री कितीही जागलं तरी तो वेळ भरून निघत नाही.

जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी तर मेंदूच्या आत बघण्याची कुठलीच सोय नसताना, १८८५ सालीच, हे मोजून ठेवलं होतं. अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करायचे आणि किती विसरलो ते तपासायचं, असं त्यांचं काम. विसरण्याचा वेग सुरुवातीला भयंकर असतो. पहिल्या तासातच बरंच निसटतं, नंतर तो वेग मंदावतो. आणि पाठांतर वेगवेगळ्या दिवसांवर विभागलं तर एकूण कमी आवर्तनांत काम होतं.

आपल्याकडे संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, सगळं रोज, मोठ्याने, आणि हातात पुस्तक न घेता. मेंदूविज्ञानातला एक शब्दही माहीत नसताना त्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी होत्या, आठवून म्हणणं आणि दिवसाआड नव्हे तर दररोज थोडं थोडं म्हणणं. अर्थ न कळता नुसती घोकंपट्टी करण्याचं समर्थन आम्ही करत नाही. आधी धडा समजायलाच हवा. पण समजलेलं टिकवायचं कसं, हे त्या परवच्याला ठाऊक होतं.

[दृश्य: टेबलावर मिटलेलं पुस्तक, शेजारी रफ वही]

आता दहावीतली ही मुलगी बघा. तिने पुस्तक मिटलंय. रफ वहीच्या कोऱ्या पानावर ती केप्लरचे नियम लिहितेय. पहिला, ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार, सूर्य एका नाभीवर. हा झरझर आला. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. ती पुस्तकाकडे बघते, पण उघडत नाही. थोड्या वेळाने लिहिते, ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. तिसऱ्यात तिने लिहिलं, आवर्तकालाचा घन आणि अंतराचा वर्ग.

आता पुस्तक उघडलं. तिसरा उलटा झालाय. वर्ग आवर्तकालाचा आणि घन सरासरी अंतराचा. लाल पेनाने ती दुरुस्ती करते. हिरव्या हायलाइटरखाली हा नियम तिने पाच वेळा वाचला होता, आणि ही चूक एकदाही दिसली नव्हती. दिसणार कशी? आता परवा ती हेच पान पुन्हा कोरं लिहील, मग पुढच्या आठवड्यात, मग प्रिलिमच्या आधी. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर मोठं ठेवलेलं चालतं.

गणितात आणखी एक गोष्ट लागते. वर्गसमीकरणांचा एक सरावसंच घेतला की सगळी गणितं अवयव पाडून सुटतात, पुढच्यात सगळी सूत्राने. हात चालतो, पण कुठली रीत कधी वापरायची हे ठरवायची वेळच येत नाही. पेपरात पहिला प्रश्न तोच असतो. २००७ मध्ये रोरर आणि टेलर या संशोधकांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलग सोडवणारे खूपच पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत त्यांना २० टक्के जमलं, सरमिसळ करणाऱ्यांना ६३. तेव्हा मागच्या तीन धड्यांतली दोन-दोन गणितं काढून एका कागदावर उलटसुलट लिहा आणि सोडवा. त्रास होईल, तो होऊ द्या.

[दृश्य: रात्र, इमारतीत एकाच खिडकीत दिवा]

झोपेबद्दल थोडक्यात. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा अक्षरगट पाठ करून घेतले. जागेपणी आठ तास गेल्यावर जेमतेम एखादा आठवायचा, आठ तास झोपून उठल्यावर पाचाहून जास्त. पुढे १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिसलं की दिवसा धावताना ज्या पेशी एकत्र चेतल्या, त्याच झोपेतही पुन्हा एकत्र चेततात. पोरगं अकराला झोपलं म्हणून रागावू नका.

आणि आईबाबांनो, "किती तास बसलास?" याऐवजी "पुस्तक न बघता आज काय सांगता येईल?" असं विचारून बघा. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल, तुम्ही फक्त ऐका. शाळेतल्या बाई आणि सर तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं मागच्या आठवड्याच्या तीन प्रश्नांना देऊ शकतात. मार्क न देता. मार्क आले की मुलं आठवायचं सोडून शेजाऱ्याच्या वहीत बघायला लागतात.

प्रिलिमचा पेपर हातात मिळाला की बेरीज करण्याआधी चुकांचे दोन ढीग करा. जे आठवलंच नाही ते एकीकडे, आणि जे आठवलं पण चुकीचं, ते दुसरीकडे. पहिल्या ढिगातल्या धड्यांची कोऱ्या पानावरची उजळणी लवकर लवकर घ्या. दुसऱ्या ढिगातला धडा मात्र आधी कुणाकडून तरी पुन्हा समजून घ्या, आणि मगच पुस्तक मिटा.