शेजारची रांग कोणी आणायची?

आजचा विषय समांतर भाषा, म्हणजे एकच हिशेब अनेक संगणकांना वाटून करायच्या प्रोग्रामिंग भाषा. नाव भारदस्त आहे, पण सुरुवात एका लोखंडी पत्र्यापासून करू. पत्र्याची एक कड तापवलेली आहे, बाकीच्या थंड. मधे कुठे किती तापमान असेल? पत्र्यावर उभ्याआडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला सांगायचं, तुझं तापमान म्हणजे तुझ्या चार शेजाऱ्यांची सरासरी. आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. हवामान घ्या, विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा घ्या, प्लाझ्मा घ्या. समीकरणं कितीतरी अवघड, पण त्यांच्या पोटात बऱ्याचदा असलाच हिशेब चाललेला असतो.

चौकोन कोट्यवधी झाले की ते एका यंत्राला, म्हणजे एका संगणकाला, पेलत नाहीत. मग पत्र्याचे पट्टे कापून शंभर यंत्रांना वाटायचे. मधल्या चौकोनांचं काही अडत नाही. अडतं ते कडेच्या रांगेचं, कारण तिचा एक शेजारी दुसऱ्याच यंत्राच्या मेमरीत राहायला गेलेला असतो. प्रत्येक फेरीआधी ती शेजारची रांग मागवून तिची नक्कल आपल्याकडे ठेवावी लागते. ती कोणी आणायची, प्रोग्रामरने की कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने? समांतर भाषांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास मला तरी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि संगणक कंपन्या एका टेबलाशी बसतात तेव्हा वादाचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं.

१९९२ साली अमेरिकेत अशी दोन टेबलं मांडली गेली. एकाच्या मागे राइस विद्यापीठाचे केन केनेडी होते. तिथे ठरत होती ती भाषा म्हणजे हाय परफॉर्मन्स फोरट्रान, थोडक्यात एचपीएफ; फोरट्रान ही शास्त्रज्ञांची जुनी प्रोग्रामिंग भाषा. प्रोग्राम नेहमीसारखा लिहा, वर शेऱ्यासारख्या एक-दोन ओळी टाकून हा अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची ही जाळी, यंत्रांवर कसा वाटायचा तेवढं सांगा, रांगा आणायचं काम कंपायलर बघेल. १९९३ च्या मे महिन्यात तिची पहिली आवृत्ती आली. दुसरं टेबल एमपीआयचं, म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेसचं. सुमारे ४० संस्थांमधली साठेक माणसं १९९३ चे पहिले नऊ महिने दर सहा आठवड्यांनी दोन-दोन दिवस भेटत होती. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं: रांग प्रोग्रामरनेच आणावी, आम्ही फक्त पाठवायची आणि घ्यायची फंक्शनं सगळ्या यंत्रांवर सारखी करून देतो. १९९४ मध्ये तेही प्रमाण, म्हणजे सगळ्यांसाठी सारखे नियम, तयार झालं.

कागदावर बघितलं तर एचपीएफ कोणालाही आवडेल. जिंकलं मात्र एमपीआय. 'वेग' हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर खोटं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. अरगॉन प्रयोगशाळेत बिल ग्रॉप आणि युइंग लस्क समितीच्या बरोबरीने एमपीआयसीएच नावाची चालती लायब्ररी, म्हणजे त्या फंक्शनांचा तयार संच, लिहीत होते. मसुदा बदलला की कोडही बदलायचं. त्यामुळे प्रमाण हातात पडलं तेव्हा ते चालवून बघायची सोयही तयार होती, आणि कंपन्यांना तेच खुलं कोड घेऊन आपापल्या यंत्राला बसवता आलं. एचपीएफचा पाया फोरट्रान ९०, आणि त्याचेच कंपायलर अजून कच्चे होते. त्यात प्रत्येक कंपनीचा एचपीएफ कंपायलर वेगळा. तोच प्रोग्राम एकीकडे पळायचा, दुसरीकडे रखडायचा, आणि का रखडला ते कोड वाचून कळायचं नाही. शास्त्रज्ञ थोडे दिवस थांबले आणि एमपीआयकडे वळले.

एमपीआयमध्ये सुख आहे असं मात्र समजू नका. माझाच किस्सा सांगतो. हाच पत्र्याचा प्रोग्राम मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा प्रत्येक यंत्राला सांगितलं, आधी तुझी रांग पाठव, मग शेजाऱ्याची घे. २०० बाय २०० च्या जाळीवर छान चाललं. जाळी २०,००० ची केली आणि प्रोग्राम गप्प. पडद्यावर एरर नाही, काही नाही. दोन दिवस मी जाळीचं गणित तपासत बसलो. गणित बरोबर होतं. एका आकड्याला आठ बाइट, म्हणून २०० आकड्यांची रांग म्हणजे १,६०० बाइट. एवढा छोटा संदेश लायब्ररी स्वतःकडे उतरवून घेते आणि 'पाठवला' म्हणून मोकळी होते. २०,००० आकडे झाले की रांग १,६०,००० बाइटची होते. ती ठेवायला जागा नाही, म्हणून समोरचा 'घेतो' म्हणेपर्यंत लायब्ररी थांबते. आणि समोरचा? तोही पाठवायलाच उभा! दोघांचेही हात द्यायला पुढे, घ्यायला कोणीच नाही. प्रमाणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं, हे कबूल. पण ज्याचं शिक्षण उष्णतेच्या समीकरणांत झालंय त्याने संदेश तात्पुरते ठेवायच्या जागेचा, म्हणजे बफरचा, अभ्यास का करावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

एचपीएफच्या गोष्टीचा एक तुकडा सहसा कोणी सांगत नाही, तो जपानचा. तिथे फुजित्सू, हिताची आणि एनईसी या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या एचपीएफसाठी वापरकर्त्या शास्त्रज्ञांबरोबर बसल्या आणि त्यांनी भाषेत स्वतःची भर घातली. त्या भरीतली एक सूचना म्हणजे 'रिफ्लेक्ट'. अर्थ सरळ आहे: शेजारची रांग आत्ता आणा. कशी आणायची ते कंपायलरने बघायचं, कधी आणायची ते शास्त्रज्ञाने सांगायचं. २००२ मध्ये योकोहामाच्या 'अर्थ सिम्युलेटर' या महासंगणकावर, म्हणजे एनईसीच्या ५,१२० प्रोसेसरच्या यंत्रावर, प्लाझ्माच्या प्रवाहाचा एक प्रोग्राम एचपीएफमध्ये लिहून चालवला गेला. त्यातल्या ५१२ नोड्सवर, म्हणजे प्रोसेसरांच्या ५१२ गटांवर, त्याने १४.९ टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला १४.९ लाख कोटी आकडेमोडींचा, वेग गाठला. तेवढ्या नोड्सच्या कमाल क्षमतेच्या हे सुमारे ४५ टक्के झालं. 'मेलेल्या' भाषेसाठी बरंच म्हणायचं!

त्याच २००२ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने एक कार्यक्रम सुरू केला आणि त्याच्या नावात परफॉर्मन्सऐवजी मुद्दाम प्रॉडक्टिव्हिटी घातली. यंत्राच्या वेगाइतकीच माणसाच्या वेळेचीही किंमत धरायची, असा त्याचा हेतू. त्यातून तीन कंपन्यांच्या तीन भाषा आल्या: आयबीएमची एक्स-टेन, सनची फोर्ट्रेस, क्रेची चॅपेल. फोर्ट्रेस सगळ्यांत देखणी. प्रोग्राम गणिताच्या पुस्तकासारखा दिसावा ही सनच्या गाय स्टील यांची जिद्द, आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणारं साधं फॉर लूपसुद्धा मुळातच समांतर. पण २००६ मध्ये सन पुढच्या टप्प्यातून गळली आणि २०१२ मध्ये फोर्ट्रेसचं काम थांबलं. भाषेची टाइप-पद्धत, म्हणजे कुठल्या प्रकारच्या माहितीवर काय करता येतं त्याचे नियम, एकीकडे; ती ज्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यंत्रावर, बसवायची ते दुसरीकडे. दोघांची सांगड घालण्यात त्या चमूची बरीच ताकद गेली. एक्स-टेनवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, आज तिला बाजूला ठेवतो.

चॅपेल टिकली. तिचे मुख्य शिल्पकार ब्रॅड चेंबरलेन वॉशिंग्टन विद्यापीठात झेडपीएल नावाच्या अ‍ॅरे भाषेवर काम करून क्रेमध्ये आले. म्हणजे विद्यापीठाचा अनुभव कंपनीत आला तो शोधनिबंधांच्या गठ्ठ्यातून नव्हे, माणसाबरोबर. डार्पाचा पैसा संपल्यावरही कंपनीने चमू मोडला नाही. २०१९ मध्ये क्रे हेव्लेट पॅकार्ड एंटरप्राइझने (एचपीई) विकत घेतली, तरी मोडला नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. कारण नव्या भाषेची घोषणा करायला पैसा मिळतो, पण चौदाव्या वर्षी कंपायलरमधली बारीक चूक दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून काढायचा, याचं उत्तर अनुदानाच्या अर्जात नसतं. दुसरी बाजूही हवीच. मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये एरिक लोरेंदो यांच्या गटाने विमानाभोवतालच्या हवेचा आपला चॅम्प्स हा प्रोग्राम चॅपेलमध्ये लिहिला. तिथल्या विद्यार्थ्यांना अडलं की ते भाषा बनवणाऱ्यांना विचारतात, आणि भाषा कुठे बोचते ते बनवणाऱ्यांना घरबसल्या कळतं.

मार्च २०२४ मध्ये चॅपेलची २.० आवृत्ती आली. आता आपला पत्रा त्या भाषेत लिहू. अ‍ॅरे यंत्रांवर कसा वाटायचा ते जाहीर करायचं. मग 'फॉरऑल' म्हणून सगळ्या चौकोनांची सरासरी, दोन-तीन ओळींत. पाठवणं-घेणं कुठेही लिहायचं नाही, त्यामुळे माझ्यासारखे दोन दिवस वाया जायचे नाहीत. यासाठी तिच्यात स्टेन्सिल नावाची खास वाटणी आहे. ती कडेच्या रांगांच्या नकला जवळ ठेवते, आणि त्या नकलांना चॅपेलवाले 'फ्लफ' म्हणतात. फ्लफ म्हणजे अंगाला चिकटलेला कापूस! फेरी संपली की प्रोग्रामर एक ओळ लिहितो, 'अपडेट फ्लफ'. शेजारची रांग आत्ता आणा.

जपान्यांनी 'रिफ्लेक्ट' म्हटलं होतं तेच.